जात्यावरचा पैलवान

आमच्या घरातल्या माणसाचं नाव मला विचारू नका. नवऱ्याचं नाव बायकोने लग्नात एकदा उखाण्यात घ्यायचं आणि मग विसरून जायचं. पुन्हा घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगायच्या, आणि खरं-खोटं करून बघायची मला काही हौस नव्हती. गाव त्यांना पैलवान म्हणायचं, मीही पैलवानच म्हणते. माझं नाव मंजुळा, ते खुशाल विचारा.

शिंदखेडा आणि नरडाणा यांच्या मधे आमचं गाव. आता इथे इंजिनावरची चक्की आली आहे. पोरी डोक्यावर पाटी घेऊन जातात आणि गप्पा मारून पीठ घेऊन परत येतात. मी सांगते ती गोष्ट चक्कीच्या आधीची. तेव्हा सकाळी ज्या घरात जातं फिरलं नाही, त्या घरात भाकरी नाही, इतका साधा हिशेब होता.

पैलवान दिसायला कसे होते म्हणाल, तर लग्नात माझ्या मावश्या मला सोडून त्यांच्याकडेच बघत बसल्या होत्या. दंड असे, मांड्या अशा, छाती तर विचारूच नका. सकाळ-संध्याकाळ तालमीत जोर आणि बैठका, वर तांब्याने दूध. पण दोन जत्रा लागोपाठ ते एकाच माणसाकडून हरले होते. धुळ्याच्या तालमीतला धनसिंग. हा गडी दंड-मांडी धरायच्या भानगडीत पडतच नसे. मागे जायचा, कंबरेला मिठी घालायचा, उचलायचा आणि आडवा टाकायचा. एवढं मोठं धूड, पण जमिनीवरून पाय सुटले की त्याचा काही उपयोग नाही. पाठ टेकली की कुस्ती संपली.

दुसऱ्यांदा हरल्यावर तालमीचे वस्ताद अभिमन आबा सगळ्यांसमोर म्हणाले की पुढच्या चैत्रात धनसिंगाने पुन्हा उचललं, तर लंगोट खुंटीला टांगायचा आणि तालमीच्या मातीत पाय ठेवायचा नाही. आबा एकदा बोलले की बोलले. माझे थोरले दीर लोटनभाऊ वेगळे राहायचे, त्यांनाही हे पसंत पडलं. म्हणाले, बरं झालं, शेताला माणूस मिळेल. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण या माणसाची कुस्ती काढून घेतली तर मागे काय उरेल, ते मला ठाऊक होतं. हरून आले की ते कित्येक दिवस ताटाकडे बघत बसायचे. बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत, भाकरी अर्धी सोडून उठायचे. तसा नवरा मला जन्मभर नको होता. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी भांडी आपटते.

माघात मला मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी करून माझं पोट घट्ट बांधलं आणि खाटेवरून उठायचं नाही म्हणून बजावलं. त्याच सुमाराला मळ्यातल्या पाटावर पाय घसरून खुद्द सासूबाईंचा उजवा हात मोडला. आता बघा, घरात बायका दोन, एकीचं पोट बांधलेलं आणि एकीचा हात. शेजारच्या लताबाईने काही दिवस दळण करून दिलं. पण तिच्या घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि कुणाच्या पिठावर किती दिवस जगायचं? एक दिवस डब्यात बाजरीचं पीठ उरलंच नाही. सासूबाई लोटनभाऊंच्या घरी निरोप धाडायला निघाल्या, तेव्हा पैलवान म्हणाले की त्यात काय आहे, मी दळतो.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला, डावा. आमच्याकडे पुरुष माणूस जात्यावर बसत नाही. विहीर खणेल, मढं उचलेल, पण जात्याचा खुंटा धरणार नाही. धरला तर लोक त्याला मिशा काढायला सांगतात. पण दार लावलेलं, पहाटेची वेळ, कोण बघतंय? पैलवान हसत हसत मांडी घालून बसले. एवढंसं दगडाचं चाक, त्यांना ते खेळणं वाटलं.

सूप रिकामं व्हायच्या आधी हसू गेलं. खांदा भरून आला, घामाच्या धारा लागल्या, आणि पीठ म्हणाल तर नुसती भरड. त्या दिवशीच्या भाकरीचे तव्यावरच तुकडे झाले. मी खाटेवर पडल्या पडल्या इतकी हसले की पोटावरची पट्टी सुटली आणि सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या. पण दुसऱ्या दिवशी पैलवानांना हसतासुद्धा येईना. पोट दुखत होतं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, बरगडीखाली, पाठीत खाली, जिथे जोर-बैठका मारून कधी दुखलं नव्हतं तिथे. एवढ्या वर्षांच्या तालमीत शरीराचा हा भाग कधी कामालाच लागला नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं.

सासूबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. त्या लेकाला म्हणाल्या, "हातवरी दयू नको. पोटवरी दय."

म्हणजे हाताने दळू नकोस, पोटाने दळ. आम्हा पोरींना आया हेच शिकवतात. एक पाय लांब सोडायचा, एक दुमडायचा, पाठ ताठ. हाताने खुंटा नुसता धरायचा. ढकलतं ते पोट आणि फिरते ती कंबर. आणि श्वास कोंडायचा नाही. पैलवान जोर लावताना दम छातीत कोंडून धरायचे, त्यामुळे अर्ध्या पायलीत धापा टाकायचे. त्यासाठीच तर बायका ओव्या म्हणतात. गाणं म्हणणाऱ्या माणसाला श्वास कोंडताच येत नाही.

आता पैलवान ओवी म्हणणार का? मेले असते तरी म्हणाले नसते. मग मी खाटेवरून म्हणायला लागले, पोर पदराखाली घेऊन. माझ्या आईकडची एक ओवी होती, तीच ती परत परत.

फिर फिर रे जात्या, तुझा खुंटा माझ्या हाती,
उभा माझा भाऊ, त्याच्या पायाखाली माती.

'हाती'ला खुंटा पुढे जायचा, 'माती'ला परत यायचा, आणि त्या शब्दावर श्वास बाहेर. पैलवान एकदा जातं थांबवून म्हणाले की दळतोय मी आणि तू मला भाऊ करतेस होय. मी म्हटलं, ओवीत भाऊच असतो, नवरा घालायला जागा नसते, दळा मुकाट्याने. ते दळायला लागले. हळूहळू पीठ बारीक पडायला लागलं. खांदा दुखायचा थांबला. कधी डाव्या हाताने, कधी उजव्या हाताने, दोन्हीकडून कंबर सारखी फिरली पाहिजे म्हणून. माझं पोट पट्टीखाली घट्ट होत होतं आणि त्यांचं जात्यावर.

पण लताबाई शेजारी होती आणि तिला कान होते. रोज पहाटे माझी ओवी आणि जात्याची घरघर ऐकून ती आतल्या आत उकळत होती. तिला वाटलं, या म्हातारीने ओल्या बाळंतिणीला दळायला बसवलं. एका पहाटे तिचा धीर सुटला. दाराला धक्का देऊन ती आत आली आणि सासूबाईंवर तुटून पडली.

"झुंबरअक्का, लाज शे का? बाळंतीनले दयाले बसाडस?"

एवढं बोलून तिने जात्याकडे पाहिलं. जात्यावर पैलवान होते, उघडे, दाढीमिशांना पीठ लागलेलं. मी खाटेवर होते. लताबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बिचारी माझ्या भल्यासाठी आली होती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत सगळं गाव जाणत होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीत मारुतीसमोर कुणीतरी जात्याचा एक जुना खुंटा आणून ठेवला, वर हळद-कुंकू लावून. सगळे हसले. पैलवान घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. पहाट झाली तरी उठले नाहीत. डबा पुन्हा रिकामा होता. मला राग आला, त्यांचाही आणि गावाचाही. पट्टी आवळली, खाटेवरून उतरले आणि जात्यापाशी बसले. खुंटा धरून पहिला फेरा ओढला तर पोटात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात खुंट्यावर दुसरा हात आला. त्यांनी मला बाजूला केलं.

"तू ऊठू नको. मी शे ना."

त्या माणसाने मला कधी दागिना केला नाही की कधी तोंडातून गोड शब्द काढला नाही. पण 'मी आहे ना' हे एक वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. दार सताड उघडं ठेवून ते दळायला बसले. ज्याला बघायचं त्याने बघावं.

मग अभिमन आबा आले. तालमीची अब्रू घालवली म्हणून पैलवानांना तालमीतून काढून टाकायलाच आले होते. बडबडत आत शिरले, मागून पैलवानांच्या कंबरेला मिठी घातली आणि जात्यावरून उचलून बाजूला करायला गेले. पैलवान बसल्या जागचे हलले नाहीत. आबांनी पुन्हा जोर केला. म्हातारे झाले होते, पण लेचेपेचे नव्हते ते. शेवटी सोडून दिलं, पाठीवर, पोटावर बोटं दाबून बघितली. मग ओट्यावर बसून पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "दय मग."

तालमीतला तो खुंटा त्यांनी उचलून आपल्या घरी नेला. का नेला ते मी विचारलं नाही.

तरीही माझं मन शांत नव्हतं. आबांना उचलता आलं नाही म्हणून धनसिंगालाही येणार नाही, असं थोडंच आहे? आबा साठीचे आणि धनसिंग पंचविशीतला.

चैत्रातली जत्रा आली. आम्ही बायका गाड्यांमधून गेलो. कुस्तीच्या फडापासून जरा लांब गाड्या सोडायच्या आणि गाडीत बसून बघायचं, अशी आमची रीत. सासूबाई, लताबाई आणि पोरीला घेऊन मी, एकाच गाडीत. लताबाई अजून खाली मान घालून होती. मी तिला भुईमुगाच्या शेंगा दिल्या तेव्हा कुठे तिच्या तोंडाला सूर फुटला. धुळ्याची मंडळी आग्रा रोडने मोटारीतून आली होती, फेटे बांधून, हौसेने. गावातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती हे लवकरच कळलं.

कुस्ती लागली. आधी बराच वेळ दोघं नुसते एकमेकांची मान धरून फिरत राहिले. पैलवान चांगले उभे होते, पाय जमिनीला, श्वास चाललेला. मला लांबूनही पाठीवरून कळत होतं. आणि मग धुळेकरांच्या गर्दीतून कुणीतरी बायकी आवाज काढून ओवी सुरू केली. दळ गं सासुरवाशिणी, दळ. मागून सगळे जात्यासारखी घरघर करायला लागले. सगळा फड हसत होता. आमच्या गावचेसुद्धा काही हसले, त्यांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत.

पैलवानांचे कान लाल झाले. त्यांनी त्या आवाजाकडे मान वळवली, आणि धनसिंग तेवढ्यात मागे गेला. मिठी बसली. मी बघितलं, त्यांनी दम कोंडला. छाती फुगली, पोट वर गेलं, अंग लाकडासारखं ताठ झालं. दोन जत्रांना झालं तेच. धनसिंगाने उचललं. एक टाच सुटली, मग दुसरी. एका पायाचा अंगठा तेवढा मातीला लागून होता. अभिमन आबांनी डोळे मिटून घेतले.

आणि ते मेले ओवी चुकीची म्हणत होते. खरं सांगते, मला पहिला राग त्याचाच आला. कुठेही शब्द ओढत होते, कुठेही तोडत होते. त्या ओवीवर कुणी दळायला बसलं असतं तर धाप लागून मेलं असतं. मी पोरीला लताबाईच्या मांडीवर टाकलं, गाडीत उभी राहिले आणि आवाज लावला. जात्यावरचा आवाज भिंतीपलीकडे जातो, तो फडापलीकडेही जातो.

फिर फिर रे जात्या, तुझा खुंटा माझ्या हाती.

पुढची ओळ तोंडात आली आणि तिथेच अडकली. उभा माझा भाऊ. अख्खी जत्रा माझ्याकडे बघत होती. मी कुणाची बायको ते सगळ्यांना माहीत. भरल्या जत्रेत नवऱ्याला भाऊ म्हणू? आणि नाही म्हणू तर काय म्हणू? खाली सासूबाई माझं लुगडं ओढून बस म्हणत होत्या. तिकडे तो अंगठा सुटत होता. मला रडू येत होतं. आयुष्य कमी होतं म्हणतात, पण ज्याची माती सुटली त्या माणसाला आयुष्य घेऊन तरी काय करायचं होतं?

उभा माझा वना, त्याच्या पायाखाली माती.

घेतलं. वना. वना त्यांचं नाव. तुम्हाला आता कळलं, तेव्हा शिंदखेड्यापासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना कळलं. हसणारे गप्प झाले. लताबाईने तोंडावर पदर घेतला. मी थांबले नाही, पुन्हा तीच ओळ म्हटली, त्याच लयीत, 'माती'वर श्वास सोडून.

आणि त्यांनी श्वास सोडला. छाती खाली आली, पोट घट्ट झालं, सगळं वजन कंबरेत उतरलं. आधी अंगठा, मग पंजा, मग टाचा. दोन्ही पाय मातीत. धनसिंगाने पुन्हा हिसका दिला. हलले नाहीत. आणखी एकदा दिला, आणि आता त्याचा दम संपलेला होता. पैलवानांनी पोटावरचं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, जसा खुंटा धरतात तसं, हलकंच. मग कंबर फिरली. हात नाहीत, खांदा नाही, कंबर. धनसिंग त्यांच्या बाजूवरून पुढे आला आणि पाठीवर पडला. धूळ बसेपर्यंत कुणाला कळलंच नाही की कुस्ती झाली.

धनसिंग उठून अंग झाडत हसला आणि पैलवानांचं पोट चाचपून बघितलं. भला माणूस होता तो, उगीच आम्ही त्याला दोन वर्षं शिव्या घातल्या. पैलवानांना फेटा बांधला, गुलाल उडाला, अभिमन आबा लहान पोरासारखे रडले. मी मात्र गाडीत खाली बसले ती मान वर करीना. घरी आल्यावर सासूबाई देवापुढे दिवा लावून नाक घासून ये म्हणाल्या. मी घासलं. मनापासून घासलं, त्यांचं आयुष्य माझ्यातून भरून घे म्हटलं. पैलवान गुलालाने माखून ओट्यावर बसले होते. दोन भाकरी खाऊन त्यांनी तिसरी मागितली.

दुसऱ्या पहाटे मी जात्यावर बसले. अंग आता सावरलं होतं, दळायची ताकद होती. खुंटा धरला तर समोर येऊन तेही बसले आणि त्याच खुंट्याला त्यांनी हात लावला. दोघांनी ओढलं की जातं हलकं फिरतं. मी ओवी सुरू केली, नेहमीची. उभा माझा भाऊ म्हटलं आणि जातं थांबलं. त्यांनी खुंटा धरून ठेवला होता. मी ओढून बघितलं, पण ती कंबर आता कुणाच्याने हलणार होती?

"भाऊ नही," ते म्हणाले. "कालनं म्हन."

बाहेर ओट्यावर सासूबाई जाग्या होत्या, खोकत होत्या. मी उठून दार लावून घेतलं, आणि म्हटलं.